फ्रान्सचे पहिले समाजवादी पक्ष इतके फुटले कशावरून?

प्रश्न असा आला आहे: १८८० ते १९०५ या पंचवीस वर्षांत फ्रान्समध्ये एकाच वेळी चार-पाच समाजवादी पक्ष नांदत होते. गेदवादी, ब्रूसवादी, आलमानवादी, ब्लांकीवादी, शिवाय कुठल्याच पक्षात नसलेले ‘स्वतंत्र’. सगळे कामगारांचं नाव घेणारे, सगळ्यांचा झेंडा लाल. मग ते फुटले कशावरून, आणि १९०५ मध्ये एक झाले ते कसे? विचारणाऱ्याची तक्रार अशी की पुस्तकात ‘मार्क्सवादी विरुद्ध सुधारणावादी’ एवढंच दिलंय आणि त्याने काहीच उलगडत नाही.

तक्रार रास्त आहे. मी सव्वीस वर्षं एम.ए.च्या वर्गाला आधुनिक युरोप शिकवतोय. सुरुवातीला मीही फळ्यावर या पक्षांचा वंशवृक्ष काढायचो. मुलं तो पाठ करायची, पेपरात जसाच्या तसा काढायची, आणि १८८२ ची फूट का पडली असं तोंडी विचारलं की गप्प व्हायची. मग मी वंशवृक्ष सोडला आणि प्रत्येक फुटीच्या आधी काय काय घडलं तेवढंच सांगायला लागलो. तेव्हा एक गोष्ट माझ्याही नीट लक्षात आली. प्रत्येक मोठ्या फुटीच्या मुळाशी एखादी निवडणूक किंवा एखादं पद आहे. १८८२ च्या आधी पॅरिसमधल्या मोंमार्त्र भागाची पोटनिवडणूक, १८९० च्या आधी पॅरिसच्या नगरपरिषदेतल्या जागा, १८९९ ला एक मंत्रिपद. कारखाने-खाणी समाजाच्या मालकीच्या व्हाव्यात याबद्दल या बहुतेकांचं एकमतच होतं. वाद होता तो आपला माणूस निवडून आला की त्याने तिथे बसून काय करायचं आणि कुणाचं ऐकायचं, याचा.

आता मुळापासून. १८७१ च्या मे महिन्यात पॅरिस कम्यून (शहरातल्या कामगारांनी बंड करून स्थापलेली सत्ता) रक्तात बुडवली गेली. जे वाचले त्यांतले हजारो न्यू कॅलेडोनियाच्या बेटावर हद्दपार झाले, कित्येक लंडन, जिनिव्हा, ब्रुसेल्सला पळाले. मार्च १८७२ च्या कायद्याने ‘आंतरराष्ट्रीय’ या अनेक देशांतल्या कामगारांच्या संघटनेचं सभासद असणं हाच गुन्हा ठरला. त्यामुळे १८७६ ला पॅरिसमध्ये जी पहिली कामगार परिषद भरली ती फार सांभाळून बोलणारी होती. सहकारी संस्था काढाव्यात, संघटनांना मान्यता मिळावी, संप शक्यतो टाळावेत, असा सूर. १८७८ ची लिऑनची परिषदही साधारण त्याच वळणाची.

१८७९ ला हवा बदलली. जानेवारीत राजेशाहीकडे झुकलेला अध्यक्ष मॅकमेहॉन पायउतार झाला, प्रजासत्ताक आता टिकणार हे नक्की झालं. तोवर कामगारांना सांगितलं जात होतं की आधी प्रजासत्ताक वाचवू, तुमचं नंतर बघू. ते ‘नंतर’ आता आलं होतं. ऑक्टोबरमध्ये मार्सेलला तिसरी परिषद भरली, शंभराहून अधिक प्रतिनिधी जमले. उत्पादनाची साधनं समाजाच्या मालकीची व्हावीत आणि कामगारांनी स्वतःचा वेगळा पक्ष काढावा, असे ठराव तिथे मंजूर झाले. स्त्रियांच्या समान हक्कांचा ठरावही झाला. तो मांडायला ह्युबर्तीन ओक्लेर स्वतः व्यासपीठावर उभी होती. त्या काळी फ्रेंच स्त्रीला मत नव्हतं, आणि ते १९४४ पर्यंत मिळालं नाही, हे लक्षात घेतलं की या ठरावाचं वजन कळतं.

इथे ‘पक्ष’ म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. आजच्यासारखा सभासद-फॉर्म, मध्यवर्ती कार्यालय, निवडणूक आयोगाकडे नोंदणी, असलं काही नव्हतं. वीसपेक्षा जास्त माणसांनी सरकारी परवानगीशिवाय संघटना करायची नाही हे दंडसंहितेचं कलम २९१ होतं, आणि संघटना करण्याचं सर्वसाधारण स्वातंत्र्य १९०१ च्या कायद्याने आलं. कामगार संघटना तेवढ्या १८८४ मध्ये कायदेशीर झाल्या. म्हणून हा पक्ष म्हणजे एखाद्या गावची सुतारांची संघटना, एखादं अभ्यास मंडळ, एखादी सहकारी संस्था, अशा गटांची मोट होती. वर्षातून एकदा अधिवेशन, एक वर्तमानपत्र आणि एक कार्यक्रमपत्रिका, एवढ्यावर ती बांधलेली. अशी मोट सुटायला वेळ लागत नाही.

कार्यक्रमपत्रिका तयार झाली ती लंडनमध्ये. ज्यूल गेद हा किडकिडीत, दाढीवाला, धारदार वाणीचा पत्रकार. कम्यूनची बाजू घेतली म्हणून त्याने हद्दपारी भोगली होती आणि १८७७ पासून तो ‘लेगालिते’ हे पत्र चालवत होता. मे १८८० मध्ये तो मार्क्सला भेटायला गेला. एंगल्सच्या खोलीत मार्क्स, एंगल्स, मार्क्सचा जावई पोल लाफार्ग आणि गेद असे चौघे बसले आणि प्रास्ताविक मार्क्सने तोंडी सांगून लिहवून घेतलं. खाली मागण्या: प्रौढांना आठ तासांचा दिवस, आठवड्याला एक सुट्टी, चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी, स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन, ३,००० फ्रँकच्या वरच्या उत्पन्नावर चढता कर.

या मागण्यांत गेदने एक हट्टाने घातली, ती कायद्याने ठरवलेल्या किमान वेतनाची. मार्क्सला ती अजिबात पटली नव्हती. पुढे एका पत्रात त्याने चिडून लिहिलं की फ्रेंच कामगारांना अजून असलं आमिष लागत असेल तर कार्यक्रमपत्रिका काढण्यातच अर्थ नाही. मी हा प्रसंग वर्गात नेहमी सांगतो, कारण पुस्तकातली विभागणी तो उलटी करतो. ‘कट्टर’ म्हणून ज्याची नोंद आहे तो गेद व्यवहारी मागणीसाठी भांडतोय, आणि मार्क्स नको म्हणतोय. अर्थात गेदचा हिशोब वेगळा होता. सरकार हे देणार नाही याची त्याला खात्री होती. मागणी नाकारली गेली की कामगारांचा मध्यमवर्गीय रॅडिकल पुढाऱ्यांवरचा विश्वास उडेल आणि ते आपल्याकडे येतील, असं त्याचं गणित. मार्क्सला मात्र किमान वेतन सोडून बाकीच्या मागण्या चळवळीतून वर आलेल्या आणि मिळवण्याजोग्या वाटत होत्या. म्हणजे शब्द तेच, पण मागण्या मिळवायच्या की मिळत नाहीत हे दाखवायचं, यावर दोघांत अंतर होतं.

नोव्हेंबर १८८० च्या ल हाव्रच्या अधिवेशनात ही पत्रिका मंजूर झाली आणि सहकारवादी मवाळ गट तिथेच वेगळा झाला. पुढच्याच वर्षी निवडणुकीत पक्षाची मतं फारच थोडी निघाली, आणि कुरबूर सुरू झाली.

आता मोंमार्त्र. डिसेंबर १८८१ मध्ये तिथे पोटनिवडणूक लागली. पक्षाचा उमेदवार ज्यूल जोफ्रँ, हा यंत्रकामगार, कम्यूनमध्ये लढलेला. त्याने प्रचारपत्रकावर मार्क्सचं प्रास्ताविक छापलंच नाही. त्याजागी जुन्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, ‘कामगारांची मुक्ती कामगारांनीच करायची’ हे वचन असलेलं प्रास्ताविक घातलं. मोंमार्त्रच्या मतदाराला लंडनहून आलेली भाषा रुचत नाही असं त्याचं म्हणणं. गेद खवळला. अधिवेशनात मंजूर झालेली पत्रिका एक उमेदवार आपल्या मर्जीने बदलतो, तर पक्ष कशाला म्हणायचं?

जोफ्रँच्या पाठीशी पॉल ब्रूस उभा राहिला. ब्रूस हा मोंपेल्येचा डॉक्टर, तरुणपणी अराजकतावादी. त्याचं म्हणणं असं, की ‘सगळं एकदम हवं’ म्हणत राहिलं तर हातात काहीच पडत नाही. ध्येयाचे टप्पे पाडा आणि काही मागण्या आज शक्य होतील असं बघा. या ‘शक्य’ शब्दावरून गेदच्या पत्राने त्यांना ‘पोसिबिलिस्त’, म्हणजे शक्यतावादी, असं हिणवलं. शिवी म्हणून दिलेलं नाव इतिहासात कायम झालं. त्यातली दुसरी बाजूही बघा: लंडनहून हुकूम येतात आणि गेद ते पाळायला लावतो, ही ब्रूसच्या लोकांची खरी सल होती. प्रत्येक गावच्या गटाला आपला कार्यक्रम आखायची मोकळीक हवी, ही त्याची मागणी त्याच्या जुन्या अराजकतावादी दिवसांतूनच आलेली आहे. त्याला नुसता ‘मवाळ’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे वाचलेलं नसतं.

सप्टेंबर १८८२ मध्ये सांत-एत्येनला अधिवेशन भरलं. गेदचे लोक अल्पमतात होते. ते सभागृह सोडून उठले आणि जवळच्या रोआन गावात जाऊन त्यांनी आपलं वेगळं अधिवेशन भरवलं. तोच ‘पार्ती उव्रिये’, कामगार पक्ष. पुढे १८९३ पासून त्याच्या नावात ‘फ्रेंच’ जोडलं गेलं. सांत-एत्येनला उरलेलं बहुमत ब्रूसचं.

ब्लांकीवाद्यांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांचा पक्ष हा मुळात एका माणसाभोवतीची निष्ठा होती. ओग्यूस्त ब्लांकीने आयुष्यातली तीसहून अधिक वर्षं तुरुंगात काढली. एप्रिल १८७९ मध्ये तो कैदेत असतानाच बोर्दोने त्याला निवडून दिलं, आणि निवड रद्द झाली. १ जानेवारी १८८१ ला तो गेला. त्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी मध्यवर्ती क्रांतिकारी समिती काढली. तिचा खरा आधार होता एदुआर व्हायाँ, कम्यूनमध्ये शिक्षण खातं सांभाळलेला, इंजिनियर आणि डॉक्टर दोन्ही झालेला माणूस. १८८९ मध्ये जनरल बूलांजेच्या, म्हणजे संसदीय प्रजासत्ताकाला आव्हान देणाऱ्या लोकप्रिय सेनानीच्या, लाटेत यातले काहीजण वाहून गेले, व्हायाँ ठाम राहिला. ‘स्वतंत्र’ म्हणजे बनुआ मालोंच्या मासिकाभोवती जमलेले वकील, प्राध्यापक, पत्रकार. पुढे मिलराँ आणि जोरेस यांच्यातूनच मोठे झाले.

ब्रूसच्या लोकांनी पॅरिसच्या नगरपरिषदेत पाय रोवले. १८८२ ला जोफ्रँ निवडून आला, मग आणखी काही. १८८७ मध्ये पॅरिसला ‘बूर्स द्यु त्राव्हाय’ सुरू झालं, म्हणजे कामगार संघटनांसाठी नगरपरिषदेच्या पैशाने चालणारं भवन: कामाच्या जागांची नोंद, सभागृहं, संघटनांच्या कचेऱ्या. ‘शक्य’ म्हणजे काय ते इथे डोळ्यांना दिसत होतं. पण नगरसेवक हळूहळू रॅडिकलांच्या जवळ सरकत गेले. बूलांजेच्या विरोधात प्रजासत्ताक वाचवायचं म्हणून १८८८ मध्ये जोफ्रँ आणि मंडळी रॅडिकल पुढारी क्लेमांसोबरोबर एका संस्थेत बसली. ज्या कामगारांनी पत्रकं वाटून त्यांना निवडून दिलं, त्यांना वाटायला लागलं की आपली माणसं आता आपली राहिली नाहीत.

हे वाटणं बोलून दाखवणारा ज्याँ आलमान. छापखान्यात खिळे जुळवणारा कामगार, कम्यूननंतर न्यू कॅलेडोनियात सक्तमजुरी भोगून १८८० च्या माफीत परतलेला. ऑक्टोबर १८९० मध्ये शातेलरोच्या अधिवेशनात त्याची आणि ब्रूसची फारकत झाली. आलमानच्या पक्षाचा सगळ्यात महत्त्वाचा नियम मला आजही थक्क करतो. उमेदवारी मिळायच्या आधी उमेदवाराने राजीनाम्याचं पत्र लिहून, सही करून, तारीख कोरी ठेवून पक्षाच्या समितीकडे द्यायचं. निवडून आल्यावर तो वाट सोडून गेला तर समिती तारीख घालणार आणि पत्र पाठवून देणार. वर, खासदाराचा भत्ता पक्षाच्या खजिन्यात भरायचा. हा भत्ता वर्षाला ९,००० फ्रँक होता. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ती गडगंज रक्कम, आणि एकदा ती चव लागली की तो पुन्हा यंत्रावर जाणार नाही, ही आलमानवाद्यांची भीती. भीती खोटी नव्हती. १८९६ मध्ये त्यांच्यातलेच काही निवडून आलेले लोक या भत्त्याच्या नियमावरून बाहेर पडले आणि आणखी एक छोटा पक्ष झाला.

या सगळ्यात गेदचा पक्ष मात्र उत्तरेकडच्या कापडगिरण्यांच्या पट्ट्यात खोल रुजला. १ मे १८९१ ला फुर्मी या लोकरीच्या गिरण्यांच्या गावात सैनिकांनी मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या, नऊ जण मेले, बहुतेक पोरवयातले. चिथावणीचा ठपका ठेवून लाफार्गला तुरुंगात टाकलं, तर नोव्हेंबरमध्ये लीलच्या मतदारांनी त्याला तुरुंगातूनच निवडून दिलं. १८९२ ला रूबेची नगरपालिका गेदवाद्यांच्या हाती आली. महापौर झाला आंरी कारेत, पूर्वीचा विणकर. रूबेत गिरणीमालकाने काळ्या यादीत घातलेले कार्यकर्ते बहुधा छोटी दारूची दुकानं काढत, कारण दुसरीकडे कुणी काम देईना. त्या दुकानातच पक्षाची बैठक, तिथेच वर्तमानपत्राचं वाचन, तिथेच गाण्याचा सराव.

आणि महापौर झाल्यावर त्यांनी काय केलं? शाळेत पोरांना फुकट जेवण सुरू केलं. गरिबांच्या मुलांना कपडे दिले. सरकारी प्रीफेक्ट, म्हणजे जिल्ह्याचा मुख्य अधिकारी, वरून ठराव रद्द करी, तेही त्यांनी सोसलं. दहा वर्षांपूर्वी ब्रूसला ‘शक्यतावादी’ म्हणून हिणवणाऱ्यांनी सत्ता येताच तेच काम केलं, आणि मनापासून केलं. यात मला दांभिकता दिसत नाही. गिरणीच्या भोंग्याबरोबर आई-बाप घराबाहेर पडले की पोर दुपारी काय खाणार, हा प्रश्न नगरपालिकेत बसलेल्या विणकराला टाळता येण्यासारखा नव्हता.

१८९३ च्या निवडणुकीत सुमारे पन्नास समाजवादी संसदेत गेले. रूबेतून गेद होता. कार्मोच्या खाणकामगारांचा जोरेस होता. खाणकामगार काल्विन्याक महापौर झाला म्हणून कंपनीने त्याला कामावरून काढलं आणि त्यावरून जो संप झाला, त्यातून जोरेसची ही जागा उभी राहिली. कोमांत्रीचा क्रिस्तोफ तिव्रिए १८८९ पासूनच तिथे होता. हा दहाव्या वर्षी खाणीत उतरलेला माणूस, १८८२ मध्ये आपल्या गावचा महापौर झाला, आणि संसदेत निळा कामगारी सदरा घालूनच बसायचा. काळ्या कोटांच्या त्या सभागृहात तो सदरा म्हणजेच त्याचं भाषण होतं. १८९४ मध्ये ‘कम्यून झिंदाबाद’ अशी आरोळी दिली म्हणून त्याला सभागृहाबाहेर काढलं.

संसदेत एका बाकावर बसल्याने हे लोक जवळ आले. मे १८९६ मध्ये सँ-मांदेच्या मेजवानीत मिलराँने समाजवादी कुणाला म्हणावं याची किमान व्याख्या मांडली, तेव्हा गेद, व्हायाँ, जोरेस एकाच पंगतीला होते. तीन वर्षांत ते सगळं मोडलं. ड्रायफस या ज्यू सैन्याधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली होती, त्या प्रकरणाने प्रजासत्ताक डळमळलं, आणि जून १८९९ मध्ये वाल्देक-रूसोने त्याच्या रक्षणासाठी मंत्रिमंडळ बनवलं. व्यापारमंत्री म्हणून मिलराँ आत गेला. युद्धमंत्री होता जनरल गालिफे. १८७१ मध्ये कम्यूनच्या कैद्यांच्या रांगेतून माणसं वेचून त्यांना गोळ्या घालायला लावणारा हाच तो. व्हायाँ कम्यूनचा माणूस, त्याने हे कसं गिळावं? जोरेसचं म्हणणं, प्रजासत्ताक पडलं तर कामगारांच्या हाती काय उरेल? मी दोन्ही बाजू शिकवतो. विचाराने मी जोरेसच्या बाजूला आहे. पण व्हायाँचं दुःख ज्याला समजत नाही, त्याला हा वादच समजला नाही असं माझं मत आहे.

डिसेंबर १८९९ मध्ये पॅरिसच्या जापी व्यायामशाळेत सगळ्या गटांची एकत्र परिषद झाली. तिने आधी ठरवलं की वर्गलढ्याच्या तत्त्वात समाजवाद्याने असं मंत्रिपद घेणं बसत नाही, आणि लगेच ठरवलं की अपवादात्मक परिस्थितीत विचार करता येईल. पुढच्या दोन वर्षांत आधी गेदवादी आणि मग ब्लांकीवादी उठून गेले. १९०२ पर्यंत दोन मोठे पक्ष राहिले: जोरेसचा ‘फ्रेंच समाजवादी पक्ष’ आणि गेद-व्हायाँचा ‘फ्रान्सचा समाजवादी पक्ष’. या दोन नावांत विद्यार्थी हमखास घोळ करतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एकी घडवली ती बाहेरच्यांनी. ऑगस्ट १९०४ मध्ये ॲमस्टरडॅमला आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली. दादाभाई नौरोजी हिंदुस्थानच्या लुटीबद्दल बोलायला उभे राहिले आणि सारं सभागृह त्यांच्या सन्मानार्थ उठून उभं राहिलं, ती हीच परिषद. तिथे जोरेस आणि जर्मन पुढारी बेबेल यांची जोरदार जुंपली आणि जोरेस हरला. मंत्रिमंडळातला सहभाग नाकारणारा ठराव झाला, आणि प्रत्येक देशात एकच समाजवादी पक्ष असावा असंही ठरलं. जोरेसने ते मानलं. एप्रिल १९०५ मध्ये पॅरिसच्या ग्लोब सभागृहात ‘कामगार आंतरराष्ट्रीयाची फ्रेंच शाखा’ या नावाने एक पक्ष झाला. अटी जवळजवळ सगळ्या गेदच्या: सुधारणांचा नव्हे तर वर्गलढ्याचा पक्ष, संसदेत एकच गट, अंदाजपत्रकाला विरोध. पण पुढच्या नऊ वर्षांत त्या पक्षाचा आवाज होता जोरेसचा.

ज्यांना मंत्रिपद हवं होतं ते बाहेर पडले. आरिस्तीद ब्रियाँ एके काळी सार्वत्रिक संपाचा सर्वांत बोलका पुरस्कर्ता, १९०४ मध्ये जोरेसच्या ‘ल्युमानिते’ दैनिकाच्या पहिल्या फळीत होता. १९०६ मध्ये तो मंत्री झाला, १९०९ मध्ये पंतप्रधान. मराठी वाचकाला याचा शेवट वेगळ्या वाटेने माहीत असतो. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेलच्या बंदरात बोटीतून उडी मारली आणि फ्रेंच भूमीवर पकडून त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं गेलं, तेव्हा फ्रान्सचा पंतप्रधान हाच ब्रियाँ होता. आणि त्यांना परत मागा म्हणून ‘ल्युमानिते’तून सरकारला धारेवर धरणारे होते जोरेस आणि मार्क्सचा नातू ज्याँ लाँगे. (जोरेस मार्सेलचा महापौर होता असं कुठे वाचलंत तर दुरुस्त करून घ्या, तो तिथला महापौर कधीच नव्हता.) त्या दबावाखाली ब्रियाँच्या सरकारने परत पाठवणीची मागणी केली, प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं, आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल इंग्लंडच्या बाजूने लागला.